पुण्याहून आलोत

नैनितालचं तिकीट शेवटपर्यंत हललंच नाही,
वेटिंग एकेचाळीस, बेचाळीस.
चार्ट लागला त्या रात्री हे काही बोलले नाहीत,
बॅगेतले स्वेटर एकेक करून काढले
आणि डांबरगोळ्यांसकट परत कपाटात ठेवले.
सकाळी म्हणाले, ग्वाल्हेर पाहिलंय का कधी आपण?
एकतीस वर्षं कुठे राहतोय मग, मी विचारलं.
राहणं वेगळं, म्हणाले,
आणि रद्द तिकिटाच्या पाठीवर
हिशेबी अक्षरात कार्यक्रम लिहून काढला.
साडेसहा, किल्ला. साडेनऊ, बेडई.
त्यानंतर ऊन.

मेचा दगड साडेसहालाही रात्रीचा ताप धरून होता.
माझ्या डोक्याला यांची टोपी,
पायात लेकीचे बूट, अर्धा नंबर मोठे.
हाथीपोलपाशी एक पोरसवदा गाइड आडवा आला,
कहाँ से आए हैं, अंकलजी?
आणि ज्या माणसाने एजी ऑफिसात
एकोणचाळीस वर्षं दुसऱ्यांच्या खोट्या पावत्या पकडल्या
तो पापणी न हलवता म्हणाला,
पुना से.

मी यांच्याकडे पाहिलं.
हे भिंतीवरच्या पिवळ्या बदकांकडे पाहत होते.
मग मलाही चेव आला.
आमच्या पुण्यात सकाळी शाल लागते, मी सांगितलं,
गल्लीत पारिजातकाचा सडा असतो.
पुण्याला मी एकदाच गेलेय, भाचीच्या लग्नाला,
स्टेशन ते कार्यालय, कार्यालय ते स्टेशन.

मराठी लोग यहाँ भी बहुत हैं, पोरगा म्हणाला,
उधर, लश्कर में. सीधे लोग, बस थोड़े कंजूस.
असं का, हे म्हणाले,
आणि शेरा वाचावा तशी मान हलवली.

त्याच्या बोटामागे मी शोधत गेले
धुळीत बुडालेलं लश्कर.
बाड्यावरून डावीकडे, मग तो पिंपळ,
मग पिवळी टाकी, टाकीच्या अंगाला आमची गच्ची.
काल वाळत घातलेली चादर काढायची राहिली होती,
तिळाएवढी, पांढरी, हलत होती.
कोण राहत असेल हो तिथे, एवढ्या उन्हात?
असतील कुणीतरी, हे म्हणाले.
चादर विसरलेत.

उतरताना चतुर्भुजाच्या देवळात त्याने शून्य दाखवलं.
देवाला रोजच्या पन्नास माळा,
त्या पन्नासातलं.
यांनी शर्टाच्या टोकाने चष्मा पुसला,
गुडघे धरून वाकले, बराच वेळ.
मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलतील,
जन्मभर शून्यंच तर मांडली.
एवढंसं? म्हणाले,
आणि उठायला माझा हात मागितला.
उतार संपला, सपाट रस्ता आला,
हात तसाच, घामाने निसटणारा,
दोघांनीही न काढलेला.

गाइडला ठरल्यापेक्षा पन्नास जास्त दिले.
पुण्याचं नाव खराब नको, म्हणाले.
तो गेला म्हणून बरं,
बेडईवाल्याने लांबूनच हाक मारली,
आओ शिरगावकर साहब, आज भाभीजी भी!

घरी कुलूप उघडलं तर
लू आमच्या आधी आत शिरली.
चपला नीट जोडून हे उंबऱ्यातच उभे,
बाई, खोली मिळेल का, दोघांना?
मिळेल. चहा स्वतःचा स्वतः करून घ्यावा लागतो.
बरं, म्हणत आत गेले.
डबे वाजले, झाकणं पडली.
मग आवाज आला, अगं, साखर कुठे असते?
हे मात्र नाटक नव्हतं.

मी सांगितलं नाही.
चादर काढायला गच्चीवर गेले.
किल्ला समोरच होता, रोज असतो तसा.
तटावर कुणी दोघं उभी होती की काय,
उन्हात नीट दिसेना.