मानस

चोडणला मानस म्हणजे मन नव्हे.
बांधातलं लाकडी दार ते. भरतीला आपोआप मिटतं,
ओहोटीला शेतातलं पाणी नदीत सोडतं.
बस्त्यांव हे दार एकोणतीस वर्षं राखतोय.
उजवा डोळा मिटून, डावा फटीला लावून
तो बघतो खारं पाणी कुठून शिरतंय.

असंच एका अमावस्येला बघताना
फटीचा खालचा, नाकाकडचा कोपरा दिसेना.
आधी त्याला वाटलं, लाकूड फुगलं.

बांबोळीला, उजेडाच्या पडद्यावर मी त्याला दाखवलं
काय फुगलंय ते.
मानेतून वर आलेली धमनी कवटीच्या तळाशी
हाडाच्या बोगद्यातून, काळ्या रक्ताच्या डोहातून
वळसे घेत मेंदूच्या उंबऱ्याशी येते.
त्या शेवटच्या वळणावर भिंत पातळ होऊन बाहेर आली होती,
करवंदाएवढी.
तिच्या पाठीवर दृष्टीची नस, चपटी, फितीसारखी.

"कुर्ल्यांनी पोखरलेला बांद असाच पोट काढता,"
तो म्हणाला, आणि मला,
सतरा वर्षं हेच शिकलेलीला, सांगितलं,
"आदीं दर्या आडाय, दोतोर. मागीर भोक."

म्हणून आधी मान.
धमनीखालून एक निळी फीत ओवून ठेवली,
आवळली नाही अजून.
मग कानशिलाचं हाड उचललं,
दोन पाळ्यांमधल्या भेगेतली जळमटं
एकेक धागा करून सोडवली.
मेंदूला ढकलायचं नसतं. भोवतीचं पाणी काढलं
की तो आपणहून मागे सरतो.

आणि तिथे ते हाड.
पुस्तकात त्याचं नाव केवढं लांबलचक,
खरं म्हणजे करंगळीच्या नखाएवढं,
नेमकं धमनीवर ओठंगलेलं.
ते गेल्याशिवाय फुग्याची मान दिसत नाही.
हिऱ्याच्या कणांचा ड्रिल. एस्मेराल्दा सिस्टर
थेंबथेंब पाणी सोडत राहिली,
ताप नसेपर्यंत पोचू नये म्हणून.
अंड्याच्या टरफलाइतकं उरेतो घासलं,
मग टरफल सोललं.
खाली धमनीभोवती आवरणाची कडी. तीही कापली.
नसेवरची घडी कापली. नस सैल पडली.

फुगा हलत होता.
टोकाशी इतका पातळ, की आतलं रक्त भोवऱ्यासारखं
फिरताना दिसत होतं.
हे मी कुणालाच दाखवलं नाही.

आवळा, म्हटलं.
प्रज्योत मोठ्यानं मिनिटं मोजू लागला.

एक. फुगा मऊ पडला.
दोन. डोळ्याकडे जाणारी बारीक धमनी
फुग्याच्या मानेला बिलगलेली.
ती चिमटीत सापडली तर फट राहील, डोळा नाही.
तीन. क्लिप तिरकी बसली. काढली.
हात स्थिर होता. जीभ मात्र टाळूला चिकटलेली.
चार.
चार आणि थोडं.
बसली.

सोडा फीत.
डॉप्लरचं टोक धमनीला लावलं: शूं, शूं, शूं.
बारीक धमनीला: शूं, अगदी हळू.
फुग्याला लावलं. काही नाही.
एस्मेराल्दानं पाणी बंद केलं, तेव्हा कळलं
की इतका वेळ ते वाहत होतं.

बाराव्या दिवशी त्यानं उजवा डोळा मिटून माझी बोटं मोजली.
चार. बरोबर.
कोपरा अजून धुक्यात.
मी त्याला पुन्हा सांगितलं, उजवीकडे त्याच वळणावर
मिऱ्याच्या दाण्याएवढं काही आहे.
आज हात लावायचा नाही, दरवर्षी बघायचं.
तो हसला. बांध पुरा झाला असं कधी कुणी म्हणतं का?

निघताना दारात थांबला.
"ती क्लिप गंजेल?"
नाही, टायटॅनियम आहे.
"पण रगत खारं आसता न्हू?"
असतं, म्हटलं.
त्यानं मान हलवली,
न पटल्यासारखी,
आणि फेरीची वेळ विचारली.