कारवीची भिंत

वनस्पतिशास्त्र विभागाच्या लोखंडी कपाटात
कारवी आडवी निजलेली असते,
पिवळट कागदावर, दोऱ्याने टाचलेली.
नाव लॅटिन. तालुका आंबेगाव.
समुद्रसपाटीपासून उंची, गोळा करणाऱ्याची सही.
मी तिचं चित्र काढते: शून्य दोनची निब,
पुंकेसर वेगळे, बीजांडाचा छेद
उजव्या कोपऱ्यात, एकास दहा.
सोळा वर्षं हेच. हात हलत नाही.

चांगुणा मेंगाळ शिवाजीनगरला उतरली
डिंभ्याच्या पलीकडून, एसटीने,
काखेत तांदळाच्या पिठाचं गाठोडं.
कपाट उघडून दाखवलं तर म्हणाली,
"हिला येकटीला का निजवलं?
हिच्या माशा कुठं हायेत?"

मग तिने व्हरांड्याची भिंत मागितली.
शेण कुठून आणायचं यावर दोन मीटिंगा झाल्या.
(शेवटी औंधच्या गोठ्यातून, पावतीसकट.)

झाड नाही काढलं आधी. आधी उतार.
उतारावर कारवीची दाटी, दाटीत माशा,
कड्याला पोळं, पोळ्याखाली धूर घेतलेले दोघे,
कारवीचाच कूड, कुडाआड ती स्वतः,
आणि अगदी तळाला पाच चुली.

चुली कशाच्या?
"फुलोरे. पयल्याला मी रांगत व्हते,
दुसऱ्याला शेळ्यांमागं,
तिसऱ्याला हळद लागली,
चवथ्याला धाकटी झाली,
पाचव्याला सासू गेली, मध चाटूनच गेली."

आमच्या कपाटात दोनच तारखा,
एकीपुढे पेन्सिलचं प्रश्नचिन्ह.
कुलकर्णी सर चुली मोजत आठ-आठने मागे गेले.
एक तारीख जुळेना.
चांगुणाने कागदावरचं गाव वाचून घेतलं माझ्याकडून,
हसली. "तो पल्याडचा डोंगर.
त्याचं साल येगळं. आमच्यात तो पावना."
सरांनी खोडरबर मागितलं.

भिंतीत एके ठिकाणी,
बुंध्याजवळ, हातभर शेण तसंच कोरं.
"तिथं येक मूळ हाय.
ते इचारल्यावर, माणूस बघून सांगायचं.
भित्तीवर नाय."
अहवालात त्या जागेला क्रमांक द्यावा का,
यावर तिसरी मीटिंग. निर्णय नाही.

ती गेली. पीठ आता कडेने झडतंय,
झडू द्या म्हणालीये.
परवा बीजांडाच्या छेदाशेजारी
माझ्याकडून एक माशी काढली गेली,
प्रमाण लिहायचं राहिलं.

शिपाई त्या कोऱ्या जागी
दोनदा कॅलेंडर लावायला आला.
दोन्ही खिळे माझ्या खणात आहेत.