चौदा बाय नऊचा सेक्शन

चार्ट आता संगणकच काढतो.
कोऱ्या कागदांचा गठ्ठा कपाटात पिवळा पडत होता,
त्यातला एक मी घरी आणला.
आडवी वेळ, उभी स्टेशनं.
भादली खोडून लिहिलं: पेरणी.
जळगाव खोडून: उगवण.
शिरसोलीच्या जागी फूल, म्हसावदला तोडणी.
तासांचे दिवस केले.

क्वार्टरच्या मागे चौदा फूट बाय नऊ.
दोनदा मोजलं,
कारण पहिल्यांदा ओवी टेपचं दुसरं टोक घेऊन
मांजरामागे पळाली.

मेथी म्हणजे सुपरफास्ट. चौथ्या दिवशी वर,
पंचविसाव्याला जुडी. रेघ जवळजवळ उभी.
पोकळा तिच्या मागोमाग.
गिलक्याचा वेल कुंपणाच्या तारेवरून, म्हणजे लूपलाइनने.
आणि भरताची वांगी,
हिरवी, अंगावर पांढऱ्या रेघांची,
ती मालगाडी.
सगळ्यांना पुढे जाऊ देत, रखडत,
माघात पोचेल,
तेव्हा पऱ्हाटीच्या काड्या पेटवू.

ओवीने लाल पेन्सिलने एक रेघ मारली,
कागद संपला तरी फरशीवर चालूच.
"ही स्ट्रॉबेरी."
भुसावळात उन्हाने रूळ वाकतात, बाई, म्हटलं.
"मग तिला एसी डबा लाव."
राहू दिली रेघ.

सुपडूभाऊ शेजारचे, मूळ पारोळ्याकडचे,
मुलाच्या क्वार्टरमध्ये राहतात,
बत्तीस वर्षं हातोडा घेऊन रुळावर चाललेले.
कुंपणावरून वाकून कागद बघत राहिले.
मग म्हणाले,
"कागदवर पानी टाकीसन काही उगस का, ताई?
पहिले माटी दख."

दखली.
टिकावाचा पहिलाच घाव ठणकन.
खडी.
तिच्याखाली काळं, भुरभुरीत.
मी खूश, तापीकाठची काळी म्हणून.
त्यांनी चिमटीत घेऊन फुंकर मारली. उडालं.
वाफेच्या इंजिनांची राख, म्हणाले,
तुमच्या जन्माआधीची.
मग निघाली रुळाची एक गंजकी चावी.
ती त्यांनी शर्टाला पुसली
आणि काही न बोलता खिशात टाकली.

अकरा वर्षं मी गाड्या चालवते
आणि गाडी अशी पाहतच नाही.
रेघ पाहते.
शिरसोलीचा मास्तर फोनवर म्हणतो गेली,
की माझ्यापुरती ती गेली.
कुणाच्या मांडीवर डबा उघडा होता,
कोण दाराशी उभं होतं केस सोडून,
चार्टला लागत नाही.
मातीही मी तशीच धरली होती,
रेघांच्या मधली कोरी जागा.

रूळ बदलायचे तर ब्लॉक घ्यावा लागतो.
तेवढा वेळ सेक्शनात काही धावत नाही
आणि सगळे शिव्या देतात, मला.
तर आश्विनावर मी तिरक्या रेघांचा पट्टा आखला,
पंचेचाळीस दिवसांचा.
खडी वेचणे. तापीचा गाळ, चार गोण्या.
नेहेत्यांच्या गोठ्यातलं शेण.
यावलहून केळी आणणाऱ्या बाईला सांगून ठेवलंय,
वाळकी पानं, सालं, जे असेल ते आण,
ती हसली, पैसे देणार का म्हणाली.

सगळ्या रेघा उजवीकडे सरकल्या.
वांगं फाल्गुनात गेलं.
काड्या तरी खणखणीत वाळतील तोवर.
स्ट्रॉबेरी तेवढी
कागदाबाहेर, वेळेवर.

आज नाइट करून आले तर
खडी वेचलेल्या हातभर तुकड्यात
कुणीतरी धने रगडून पेरलेले,
वाकडी ओळ, वर ओला गोणपाट.
ब्लॉक चालू असताना.
ना विचारणं, ना प्रायव्हेट नंबर.
पलीकडे सुपडूभाऊ पाइप गुंडाळत होते
माझ्याकडे न पाहता.

धन्याला आठ-दहा दिवस लागतात,
पुडीवर लिहिलंय.
पेन्सिलीला टोक केलं. नखांत अजून राख.
कागदावर मात्र
मी अजून काही काढलेलं नाही.