बासष्ट पेन्स

ओल्डहॅममध्ये, चिप्सच्या दुकानावरच्या खोलीत
मी उंबरठे विकतो.
म्हणजे खुर्च्या, जिन्यावरून आपोआप वर जाणाऱ्या.
म्हणजे त्याही नाही:
खुर्च्या दुसऱ्याच्या, गिऱ्हाईक गूगलचं,
मधलं एक पान तेवढं माझं.

पानाला मेनू नाही, मागचं दार नाही.
एक फोटो, तीन ओळी, हिरवं बटण.
आत पडणाऱ्या प्रत्येक पावलाचे
बासष्ट पेन्स मी भरतो.
फॉर्म भरला तर अठरा पौंड,
नाही तर पाण्यात.

फोटो दोन. 'अ'मध्ये निळ्या कार्डिगनमधली म्हातारी,
'ब'मध्ये हसरी सून, हातात कप.
'ब'ला दुप्पट फॉर्म येतात.
मंगळवारी 'अ' काढणार होतो.

सोमवारी कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना
शेजारच्या मिसेस ऑलरनशॉ म्हणाल्या,
"अरे, त्या खुर्चीच्या जाहिरातीत आमची एडना आहे!
हुबेहूब. जाऊन सात वर्षं झाली तिला.
रोज चहाच्या वेळी बघून येते.
खुर्ची कशाला? मी तर तळमजल्यावर राहते."

रोज.
मी मनात गुणाकार सुरू केला, मार्चपासून,
आणि डब्याचं झाकण लावलं.

रात्री आकडे उघडले.
बटणाला तिनं कधी हात लावलेला नाही.
कर्सर चष्म्यापाशी, मग कपाळावर,
चार-चार मिनिटं.
फोटो मी नऊ डॉलरला घेतलेला.
बाई कोण, कुठली, देव जाणे.

बाकी सगळ्यांना आता 'ब' दिसतो.
'अ' एकाच घरापुरता ठेवलाय.
पाचच्या सुमाराला एडना
दार उघडते.
शनिवारी दोनदा.