पोल्ट, ग्युल्ट, सो

होल्स्टब्रोच्या भाषावर्गात
बाईंनी विचारलं, कोणकोणते शब्द येतात?
कुणी पाव म्हणालं, कुणी बस, कुणी माफ करा.
मला डुकरांचे पाच येत होते,
आणि मावशीला काय म्हणतात ते येत नव्हतं.

ते पाच क्रेस्टेननं शिकवले,
निळ्या खडूनं, गजांच्या अलीकडून.
नराला अजून लागली नाही ती पोल्ट.
भरली, गाभण राहिली, व्याली, की ग्युल्ट,
म्हणजे पहिलटकरीण. पण तेवढ्यापुरतीच.
पिल्लं तोडली त्या गुरुवारी ती सो.
मग सो ती सोच,
दुसऱ्या वेताला, सहाव्या वेताला,
मंगळवारचा ट्रक येईपर्यंत.

नरांचं थोडक्यात आटपतं.
ठेवला तर ओर्ने, खच्ची केला तर गाल्ट:
चौथ्या दिवशी, माझ्या डाव्या हातात उलटा,
दोन चिरा, पिवळं औषध,
नाव जन्माचं ठरलं.
मादीचंच पुन्हा पुन्हा खोडून लिहायचं.

आमच्याकडे मारामुरेशला एकच डुक्कर असायचं,
नाताळापर्यंत. आई त्याला नुसतं 'तो' म्हणायची,
नाव ठेवलं की सुरी जड होते म्हणून.
इथे अकराशे. सुरी दिसत नाही.
नावं चोख.

काल ४४७१ च्या पाठीवर मी सगळा भार टाकला.
समोरून ओर्ने फेस गाळत गेला.
माजावर असती तर खांबासारखी थिजली असती.
ती वळली, माझ्या बुटाचं रबर चावू लागली.
तिसऱ्यांदा.
क्रेस्टेननं कार्डावर रेघ मारली.

मी विचारलं, मोडकंतोडकं:
वय झालं, पण गाभण कधी राहिलीच नाही,
तिला काय म्हणायचं?
तो म्हणाला, शब्द नाही.
तशी इथे राहत नाही.

दारात बोडिल उभी होती, त्याची थोरली बहीण,
कॉफीचा थर्मास काखेत.
सत्तरी उलटलेली, याच घरात जन्मलेली,
चाळीस वर्षांचे वेतांचे हिशेब तिच्याच अक्षरात.
"आहे की," ती म्हणाली. "बोडिल म्हणतात."

क्रेस्टेन खडूचं टोपण शोधत राहिला.
ते त्याच्या हातातच होतं.

मी कोपरापर्यंत हात धुतले,
कॉफी प्यायले,
आणि रेघेखाली जागा उरली होती तिथे
मंगळवार लिहिलं.
एक अक्षर चुकलं होतं,
बोडिलनं सुधारलं.