जोड

वेदीचं वस्त्र विणायला
फिलोमेनाला दिलं, तेव्हा मी म्हणाले,
"देव तुझं भलं करो."
दात घट्ट मिटून म्हणाले, पण म्हणाले.

गोझो बेट ते केवढं!
पलीकडच्या गल्लीत कुणी शिंकलं
तर इकडचे पडदे हलतात.
मग तिच्या टिपऱ्या मला ऐकू येणार नाहीत?
टक् टक् टक्,
चुनखडीच्या भिंतीतून, भर दुपारी,
शिरोक्को सुटला की थेट माझ्या उशाशी.

चाळीस वर्षं मीही लेसच विणतेय.
पेंढा ठासलेली तीच उशी, त्याच पितळी टाचण्या,
आणि नजर माझी तिच्याहून तीक्ष्ण, गाव जाणतं.
मग मी का नाही?
सुपात मीठ घालताना विचारलं,
कड्यावर केपरच्या कळ्या खुडताना विचारलं,
रोझरीच्या मण्यामण्यावर हेच विचारलं,
प्रार्थना राहिली बाजूला.

कबुलीच्या जाळीशी नेहमीची यादी दिली:
रागावले, खोटं बोलले, शुक्रवारी मांस खाल्लं.
हे सांगितलं नाही.
हे पाप वाटतच नव्हतं,
न्याय वाटत होता.

उपवासकाळ सरता सरता
ती स्वतःच दारात आली, चष्मा हातात.
"जॉर्जा, मला आता धागा दिसत नाही गं.
वीतभर राहिलंय.
तुझ्याशिवाय कुणाला देऊ?"
आणि उशी ठेवली माझ्या पुढ्यात, टिपऱ्यांसकट.

खोटं कशाला बोलू,
आधी मी चूक शोधली.
सापडली. तिसऱ्या पानाच्या देठाशी
एक वेढा उलटा.
खडीसाखरेसारखा तो मी दोन दिवस चघळला.
फादर साल्वूंपुढे नुसतं बोट ठेवायचं,
किती वेळ लागतो त्याला?

तिसऱ्या रात्री कात्री शोधताना
माझ्या लग्नातला रुमाल हाती आला.
तिसरं पान. देठ.
तोच वेढा, तसाच उलटा.

माझ्या आईच्या अंगणात,
अंजिराखाली, एकाच उशीवर
आम्ही दोघी शिकलो होतो.
आई चुकली होती.
आम्ही इमानानं चुकत आलो.
मी एवढ्यानं हसले, की मांजर दचकलं.

प्रभू, तुझ्या अंगरख्याला जोड नव्हती म्हणतात.
वरपासून खालपर्यंत सलग वीण.
तो कुणाला मिळावा म्हणून
खाली ज्यांनी चिठ्ठ्या टाकल्या,
त्यांत मीही बसले होते, चांगली ऐसपैस,
आणि मान वर करून
तुझ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

मग वीतभर विणलं.
तिच्या हाताची ढिलाई माझ्या बोटांना शिकवली,
उलटा वेढा उलटाच घातला.

ईस्टरला मेणबत्त्यांच्या उजेडात
लोकांनी फिलोमेनाचे हात धरले, चुंबिले.
गर्दीत तिनं मला शोधलं,
भलत्याच खांबाकडे पाहून हसली.
मिस्सानंतर सगळे पांगल्यावर
मी वेदीपाशी गेले, कडेवरून बोट फिरवलं.
गेलं, परत आलं.
ती कुठे संपली, मी कुठून सुरू झाले,
माझ्याच बोटाला कळेना.

पोटात अजून दुखतं कधीमधी, थोडंसं.
जुनं दुखणं, हवा बदलली की जाणवतं.
पण दुपारी ती माझ्याकडे येऊन बसते,
डोळे मिटून टिपऱ्या ऐकते.
"कुणाच्या गं या?" विचारते.
"तुझ्याच," मी म्हणते.
आणि ते कबुलीत सांगावं लागत नाही.