रंगाचा रकाना

लसीच्या कार्डावर नाव, वय, लिंग यांच्याखाली
बोटाच्या पेराएवढी जागा आहे: रंग.
अकरा वर्षं मी तिच्यात
कुत्री मावेल तशी बसवतो.

गंगापूर रोडच्या या दवाखान्यात
सकाळी पहिला येतो तो बहुधा डॅशहंडच,
पाटाचे पाय, बाकाची पाठ.
ढिकले मॅडम टेबलावरून सांगतात, ब्लॅक अँड टॅन.
मी लिहितो: काळा, भुवयांवर बदामी.
गावाकडे याला चार डोळ्यांचा म्हणतात,
दोन झोपले तरी दोन जागे.
क्रीम म्हणाल्या की वाकून बघतो,
सायीचा आहे की कुरडईच्या चिकाचा.
ब्रिंडल म्हणजे तांबड्या अंगावर काळे पट्टे,
जाळीवर पापड जरा जास्त राहिला तसे.

डॅपलला मात्र अडायचो.
काळ्यावर राख, राखेवर पुन्हा काळं,
एक डाग दुसऱ्याचं ऐकत नाही.

माझा बाप घोटीच्या बाजारात डांगी बैल पारखायचा.
रंगांची नावं त्याच्या तोंडात सुपारीसारखी फिरायची:
पारा, मणेरी, बाहळा, लाल बांडा.
बैलाला वेगळं नाव त्यानं कधी ठेवलं नाही.
मणेरी म्हटलं की मणेरीच मान वळवायचा.

एका मंगळवारी मी डॅपलच्या जागी मणेरी लिहिलं.
मॅडमनी वाचलं, सही केली, शिक्का मारला.
आता नाशकात सतरा डॅशहंड मणेरी आहेत
आणि त्यांच्या मालकांना वाटतं
हा शब्द जर्मन आहे.

मग सिडकोतल्या बोरस्तेनं
मणेरीला मणेरीच लावला.
दुप्पट ठिपके, दुप्पट भाव.
मॅडमनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली.
म्हणाल्या, अहो, हा रंग दोन्हीकडून आला
की पिल्लाचं काहीतरी घेऊन जातो.

पाच झाली. पाचवं जवळजवळ पांढरं,
एका कानावर तेवढी करडी फुंकर.
निळे डोळे, त्यातला एक हरभऱ्याएवढा.
मी किल्ल्यांचा जुडगा वाजवला.
चौघं दचकली.
पाचवं माझं बोट चोखत राहिलं.
फोनवर पंचेचाळीस हजार सांगणारा बोरस्ते
हळू आवाजात म्हणाला, ठेवता का इथंच?

नेलं कुलथ्यांनी.
ते आले होते शेजाऱ्याच्या मांजराची गोळी न्यायला.
नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये बत्तीस वर्षं तपासणीला.
ठिपका जास्त, शीट बाद.
शाई फिकी, शीट बाद.
घरी भाजी निवडतानाही, बायको म्हणायची,
यांचं अर्ध्याच्या वर बादच.

त्यांनी पिल्लू दोन्ही हातांनी उचललं,
खिडकीशी नेलं,
पोटावरून उजेड आरपार येतो का बघितलं,
वॉटरमार्क बघावा तसं.
बराच वेळ.
मग म्हणाले, खरी आहे.

मी कार्ड काढलं. पांढरी लिहिलं, खोडलं.
करडी लिहिलं, खोडलं.
बापाला विचारलं असतं, पण बापाच्या बाजारात
असं वासरू विकायलाच आणत नसत,
त्याला रंगाचं नाव कुठून असणार.
पेराएवढी जागा काळी-निळी होऊन गेली.
कुलथ्यांनी चष्मा वर करून पाहिलं,
बाद, म्हणाले,
आणि कार्ड घडी न घालता खिशात ठेवलं.

महिन्यानं दुसऱ्या डोसला आले.
पट्टा नाही, हाक नाही.
दारात उभे राहून त्यांनी चप्पल काढली
आणि टाचेनं फरशीवर दोनदा ठोकलं.
बाकाखालून, औषधांच्या खोक्यांमधून,
एका लॅब्राडोरच्या पोटाखालून वाट काढत
ती सरळ त्या टाचेशी येऊन बसली.
लॅब्राडोरच्या बाईंनी विचारलं, कुठला हो हा रंग?
कुलथे माझ्याकडे बघायला लागले.